आपले सांधे : रचना, हालचाल आणि आपल्या भागातील दुखणी

विहारात वंदनेला गेल्यावर आपण पंचांग प्रणाम करतो. दोन्ही गुडघे जमिनीवर टेकतात, कंबर वाकते, कोपरे दुमडतात, तळहात पसरतात आणि मान झुकून कपाळ भूमीला लागते. जेमतेम पाच-सात सेकंदांची ही क्रिया. पण तेवढ्यात पायाच्या बोटांपासून मानेच्या मणक्यांपर्यंत डझनावारी सांधे आपापले काम बिनबोभाट करून जातात. जोवर ते काम करीत असतात तोवर त्यांची आठवणही आपल्याला होत नाही. एखादा सांधा अडला, की मग मात्र दिवसभर दुसरे काही सुचत नाही.

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काहीतरी लिहा, असा आग्रह संस्थेच्या कार्यकारिणीने धरला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेत लिपिक. वैद्यकशास्त्राशी आमचा दुरूनही संबंध नाही. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या घरात जो प्रसंग घडला, त्याने आम्हाला सांध्यांचा अभ्यास करायला भाग पाडले. डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून जे आमच्या अल्पमतीला उमगले, तेच येथे मांडत आहोत. जी चूक आमच्या हातून झाली ती दुसऱ्या घरात होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सांधा म्हणजे काय?

दोन किंवा अधिक हाडे जेथे एकमेकांना जोडली जातात, त्या जागेला सांधा म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. जन्मतः ही संख्या याहून बरीच जास्त असते. वाढीच्या वयात काही हाडे एकमेकांत मिसळून एक होतात. गळ्यात जिभेच्या मुळाशी एक लहानसे हाड आहे. ते तेवढे दुसऱ्या कोणत्याच हाडाशी सांधलेले नसून स्नायूंच्या आधाराने टांगलेले असते. बाकी सारा सांगाडा सांध्यांनीच एकत्र धरला आहे.

सर्व सांधे हलतातच असे नाही. हालचालीच्या दृष्टीने त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग अचल सांध्यांचा. कवटीची हाडे करवतीच्या दात्यांसारख्या कडांनी एकमेकांत घट्ट बसलेली असतात. तान्ह्या बाळाची टाळू मऊ लागते, कारण तेथे ही हाडे अजून जुळलेली नसतात. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरते. जबड्यात रुतलेले दात हेसुद्धा अचल सांध्याचेच उदाहरण मानतात.

दुसरा वर्ग अर्धचल सांध्यांचा. पाठीच्या कण्यात मान, छाती आणि कंबर मिळून २४ सुटे मणके आहेत. त्यांच्यामध्ये चिवट, लवचिक अशा चकत्या असतात. एकेका ठिकाणी हालचाल थोडीशीच होते, पण सगळ्यांची बेरीज झाली की आपण वाकून जमिनीवरचे मोहाचे फूल उचलू शकतो.

तिसरा वर्ग चल सांध्यांचा. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा हे सारे यात येतात. सांधा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते हेच.

चल सांध्याची रचना

बैलगाडीच्या चाकात आख फिरतो तेथे वंगण घालावे लागते. नाहीतर लाकूड लाकडावर घासून झिजते. शरीराने हीच सोय फार सुबकपणे केली आहे. सांध्यात येणाऱ्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, पांढुरका थर असतो. दोन्ही हाडांभोवती पिशवीसारखे आवरण असते, त्याला संधिकोश म्हणतात. त्याच्या आतल्या पातळ पडद्यातून अंड्यातील पांढऱ्या भागासारखा चिकट द्रव पाझरतो. हेच सांध्याचे वंगण. बाहेरून अस्थिबंध नावाचे बळकट पट्टे हाडाला हाड बांधून ठेवतात, तर स्नायुबंध स्नायूला हाडाशी जोडतात. हाड स्वतः हलत नाही. स्नायू आखडतो, स्नायुबंध ओढला जातो आणि मग हाड हलते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण बहुतांशी या वंगण द्रवातून होते, आणि सांधा हलला, दाबला-सुटला म्हणजेच तो द्रव तिच्यात नीट मुरतो. म्हणून सांध्याला हालचाल ही चैन नसून त्याचे अन्न आहे. कूर्चेखालचे हाड मात्र जिवंत, रक्तावर पोसलेले असते. त्याचे रक्त तुटले तर काय होते, ते पुढे येईलच.

चल सांध्यांचे प्रकार व हालचाली

चल सांध्यांचे त्यांच्या घडणीप्रमाणे सहा प्रकार सांगतात. आपल्या रोजच्या व्यवहारातील उदाहरणे घेतली तर ते सहज ध्यानात राहतात.

१. बिजागरीचा सांधा : दाराप्रमाणे एकाच दिशेने उघडतो व मिटतो. कोपर, बोटांची पेरे आणि घोटा ही याची उदाहरणे. गुडघाही मुख्यतः बिजागरीच आहे. मात्र दुमडलेल्या अवस्थेत तो थोडासा फिरूही शकतो. गुडघ्यात कूर्चेच्या दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात, आतून दोन अस्थिबंध एकमेकांना छेद देऊन जातात आणि समोर वाटीचे रक्षण असते.

२. उखळीचा सांधा : एका हाडाचा गोल गोळा दुसऱ्या हाडाच्या वाटीत बसतो. खांदा आणि खुबा हे असे दोनच मोठे सांधे. खांद्याची वाटी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो, पण खांदा निखळतोही लवकर. खुब्याची वाटी खोल, म्हणून तो सहजी निखळत नाही आणि साऱ्या देहाचा भार पेलतो.

३. खुंटीचा सांधा : जात्याची पाळी जशी खुंट्याभोवती फिरते, तसा मानेचा पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो. आपण मान हलवून ‘नाही’ म्हणतो ते याच्या बळावर.

४. खोगिराचा सांधा : अंगठ्याच्या मुळाशी असतो. त्यामुळे अंगठा प्रत्येक बोटासमोर येऊ शकतो. तेंदूची ७० पाने मोजून पुडा बांधणारा हात असो की आमच्या काउंटरवर नोटा मोजणारा, दोघेही याच सांध्याचे ऋणी आहेत.

५. लंबगोल सांधा : मनगटात असतो. हात वर-खाली आणि दोन्ही बाजूंना झुकतो.

६. सरकता सांधा : मनगटातील व पावलातील लहान हाडे एकमेकांवर किंचित सरकतात. खाचखळग्याच्या पांदणीवरून पाऊल जमिनीशी जुळवून घेते, त्यात यांचा मोठा वाटा असतो.

हालचालींची नावेही थोडक्यात सांगतो. सांधा दुमडणे म्हणजे आकुंचन, सरळ करणे म्हणजे प्रसरण. हात किंवा पाय शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे, परत जवळ आणणे, आत-बाहेर वळवणे आणि गोल फिरवणे या आणखी काही हालचाली. बिजागरीच्या सांध्याला यातील दोनच साधतात, उखळीच्या सांध्याला सर्व साधतात. मांडी घालून बसताना खुबा दुमडतो, बाहेर जातो आणि वळतो, अशा तीन हालचाली एकदम करतो. म्हणूनच ज्याला मांडी घालणे जड जाते, त्याचा खुबा प्रथम तपासला पाहिजे. हे वाक्य आम्हाला फार उशिरा कळले.

आमच्या भाच्याचा गुडघा

आमची धाकटी बहीण ब्रह्मपुरी तालुक्यात दिलेली आहे. तिचा मोठा मुलगा अकरावीत असताना शाळेच्या कबड्डी संघात होता. त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत आम्ही गावी गेलो असता तो म्हणाला, “मामा, गुडघा दुखते जी.” आम्ही त्याचा गुडघा पाहिला. सूज नव्हती, लाली नव्हती, मार लागल्याची खूण नव्हती. “वाढीचं वय आहे, दुखतेच. कबड्डी खेळतोस, मग गुडघा काय गाणं म्हणेल?” असे बोलून आम्ही हसलो. बहिणीने तेल कोमट करून चोळायला सुरुवात केली.

चोळून त्याला तात्पुरता आराम पडे. पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी तेच. कोणी वात सांगितला, कोणी जाणत्याकडे नेऊन झाडपाला बांधला. कोण्या एकाने दिलेल्या बिननावाच्या पुड्याही काही महिने चालल्या. त्या घेतल्या की दुखणे जादूसारखे थांबे. अशी दीड वर्षे गेली. पोरगा हळूहळू लंगडू लागला. आम्ही त्याला म्हणत होतो, “चालत राहा, बसून राहशील तर सांधा आखडेल.”

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दोन्ही जिल्ह्यांतून लोक येतात. त्या वर्षी बहिणीचे कुटुंबही आले होते. सतरंजीवर सारे मांडी घालून बसले, पण भाचा एक पाय लांब पसरून तिरपा बसला. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका शेजारी होत्या. त्यांनी तेवढे पाहिले. घरी आल्यावर त्यांनी त्याला उताणे निजवले, गुडघा काटकोनात दुमडला आणि पाय हळूच आत-बाहेर वळवला. पोरगा ओरडलाच. दुखले ते जांघेत. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही दीड वर्ष गुडघ्याला तेल लावलं. याचा गुडघा चांगला आहे. खुबा गेला असावा. याचं रक्त कधी तपासलं?”

कधीच तपासले नव्हते. फोटो काढला तेव्हा मांडीच्या हाडाचा गोळा एका बाजूने चपटा झालेला दिसला. रक्ताच्या तपासणीत सिकलसेल निघाला, तोही पूर्ण आजाराचा.

दुखते गुडघ्यात, दोष खुब्यात

हे कसे घडते? खुबा आणि गुडघा या दोहोंना चेतना पुरवणाऱ्या मज्जातंतूंच्या काही शाखा सामाईक आहेत. त्यामुळे खुब्यातील वेदना मेंदूला पुष्कळदा गुडघ्यातली वाटते. लहान मुलांत आणि किशोरवयीनांत तर हे विशेष आढळते. गुडघा दुखतो अशी तक्रार असताना गुडघ्यात काहीच सापडले नाही, तर खुबा तपासायचा, हा डॉक्टरांचा जुना नियम आहे.

आता खुब्याचेच हाड का गेले? मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मुख्यतः त्याच्या मानेवरून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळते. वाट अरुंद आणि पर्यायी वाट जवळजवळ नाहीच. बांधीला पाणी देणारी एकच सारणी असावी आणि ती गाळाने बुजावी, म्हणजे टोकाचे धान वाळते. तसाच रक्त न मिळालेला हाडाचा भाग मरतो. मेलेले हाड लगेच मोडत नाही. माणूस त्यावर चालत राहतो आणि काही महिन्यांनी, काही वर्षांनी, गोळा भाराखाली खचतो. वाटी गोल आणि गोळा चपटा, मग उखळीचा सांधा कसा फिरणार?

विळ्याच्या आकाराच्या पेशी

रक्तातील तांबड्या पेशी निरोगी माणसात गोल, मऊ आणि मध्ये चेपलेल्या असतात. त्या केसाहून बारीक वाहिनीतूनही वाकून निघून जातात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या घडणीत जन्मतः एका बारीक ठिकाणी बदल असतो. प्राणवायू कमी झाला, अंगातील पाणी आटले, थंडी बाजली किंवा ताप आला की असे हिमोग्लोबिन आत गोठते आणि पेशी कडक होऊन विळ्याचा आकार घेते. अशा पेशी एकमेकींत अडकून बारीक वाहिन्या बुजवतात. ज्या भागाचे रक्त अडते तेथे असह्य कळा येतात. हाडे आणि सांध्यांभोवती त्या फार येतात. तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी असते आणि डोळे पिवळे दिसतात.

हा आजार प्रथम १९१० साली अमेरिकेत डॉ. जेम्स हेरिक यांनी नोंदवला. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाकडे लक्ष वेधले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकात त्याचा शोध घेतला. विदर्भात पूर्वाश्रमीचा महार समाज, गोंड, माडिया, परधान आदी समाजांत तो अधिक आहे, आणि इतर समाजांतही आहे.

ही कोणा जातीवरची ठपक्याची गोष्ट नाही. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा, जेथे जेथे हिवतापाने शतकानुशतके माणसे मारली तेथे तेथे हा गुण टिकून राहिला. कारण ज्याच्याकडे तो केवळ अर्धा आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. जंगल, डास आणि हिवताप यांच्यात पिढ्या काढलेल्या आपल्या पूर्वजांना त्याने वाचवले असेल. त्याची किंमत मात्र आज काही लेकरे सांध्यांनी मोजत आहेत.

वाहक आणि रुग्ण

हा संसर्ग नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने तो होत नाही. तो आईबापांकडून येतो. दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते, त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आला तर मूल वाहक, म्हणजे एएस. वाहक साधारणपणे निरोगी आयुष्य जगतो आणि त्याला बहुधा आपल्या अवस्थेचा पत्ताही नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक असते. ही शक्यता दर खेपेला नव्याने लागू होते. एक मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नव्हे. वाहकाने निर्दोष जोडीदार निवडला तर मात्र रुग्ण मूल होत नाही.

आमच्या बहिणीचे लग्न आम्हीच पुढाकार घेऊन जमवले होते. मुलाचे शिक्षण पाहिले, शेती पाहिली, व्यसन नाही याची खात्री केली. रक्त पाहायचे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. भाच्यानंतर बहीण आणि जावई दोघेही वाहक निघाले. आम्हीही तपासून घेतले. आम्हीही वाहक आहोत. हे आम्ही येथे मुद्दाम लिहीत आहोत, कारण लपवण्यासारखे त्यात काही नाही.

प्रत्येक दुखणे सिकलसेल नव्हे

हा लेख वाचून प्रत्येकाने धास्ती घ्यावी असे नाही. आपल्या भागात सांधे दुखण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत.

रोवणीच्या दिवसांत बायाबापड्या तासन्‌तास चिखलात ओणव्या असतात. ओणवे झाल्यावर कमरेच्या चकत्यांवर उभे असताना पडतो त्याहून बराच जास्त दाब पडतो. शोधग्राम येथील रुग्णालयात मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी शिबिरे घेत आले, ते या दुखण्यांसाठीच. पन्नाशीनंतर गुडघ्याची कूर्चा झिजणे, हेही घरोघरी आहे. आमच्या काउंटरवर एक म्हातारे शेतकरी निराधारचे पैसे घ्यायला येतात. आम्ही त्यांना आराम करायला सांगितले तर म्हणाले, “साहेब, आमच्या गुडघ्याले कुठं पेन्शन असते जी?” त्यांच्या बोलण्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांत विहिरी व बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड चालत नाही. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि पुढे अस्थिबंध हाडासारखे कडक होऊन कणा व सांधे आखडतात. येथे औषधापेक्षा पाणी बदलणे महत्त्वाचे. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीत महाराष्ट्रात असंख्य लोकांचे सांधे धरले, ते डासांमुळे. अशी साथ पुढेही येत राहिली. आमवातात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्याच्या पडद्यावर उलटते. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे बराच वेळ आखडलेली असणे ही त्याची खूण.

खुब्याच्या गोळ्याचे रक्त तुटण्यासही सिकलसेल हे एकमेव कारण नाही. दीर्घकाळ अतिमद्यपान आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही दोन कारणे सर्वत्र मान्य आहेत. काही बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असते. दुखणे झटक्यात थांबते आणि हाड आतून जाते. आपल्या पाचव्या शीलाला हे एक वैद्यकीय कारणही म्हणता येईल.

केव्हा थांबू नये?

पुढील खुणा दिसल्यास तेल-शेकात दिवस घालवू नयेत :

• सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हातपाय एकाएकी सुजणे व बाळाने हात लावू न देणे. सिकलसेलची ही पुष्कळदा पहिली खूण असते.

• मुलाला किंवा तरुणाला वारंवार हाडांत, सांध्यांत कळा येणे, रक्त कमी असणे, डोळे पिवळे दिसणे.

• जांघेत किंवा गुडघ्यात दुखणे, लंगडणे, मांडी घालता न येणे किंवा उकिडवे बसता न येणे.

• एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. सांध्यात पू झाला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी बोटाच्या रक्ताच्या थेंबावर होते. त्यात दोष दिसला तर वाहक की रुग्ण हे दुसऱ्या, नेमक्या तपासणीने ठरते. या तपासण्या सरकारी आरोग्य यंत्रणेत होतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. सिकलसेलचा रुग्ण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कक्षेत येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

खुब्याचा बिघाड सुरुवातीला साध्या फोटोत दिसेलच असे नाही, एम.आर.आय.मध्ये तो लवकर कळतो. लवकर कळला तर भार कमी करून, लहानशी शस्त्रक्रिया करून गोळा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तर विशेष. थंडीत, पावसात भिजू नये, तापाकडे दुर्लक्ष करू नये, फॉलिक अॅसिड घ्यावे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे प्रमाण कमी होते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. शेक आणि मालिश यांनी आराम पडतो. कारण मात्र नाहीसे होत नाही.

समारोप

आपला भाग जंगलाचा, तालुक्याला जायलाही बस दोनच. म्हणून आमची सूचना एवढीच, की तपासणीच आपल्या दारी आणावी. जयंती, पौर्णिमा या निमित्ताने विहारात माणसे जमतातच. आरोग्य केंद्राशी बोलून वर्षातून एक दिवस रक्त तपासणीसाठी ठेवता येईल. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जावर उंची, शिक्षण, नोकरी असे रकाने असतात. लग्नाआधी रक्त तपासून घ्या, एवढी एक ओळ त्यात असावी. निकाल मात्र व्यासपीठावरून वाचू नये. तो ज्याचा त्याने जाणावा आणि दोन्ही कुटुंबांनी एकत्र बसून बोलावा. वाहक मुलीला नाकारणे हा उपाय नव्हे. दोन वाहकांनी समजून-उमजून निर्णय घेणे, आणि लग्न झालेच असेल तर गरोदरपणी लवकर तपासणी करून घेणे, हा उपाय आहे. दुःखाला कारण असते आणि कारण जाणले तर दुःख कमी करता येते, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे.

भाच्याचा खुबा पुढे नागपुरात बदलावा लागला. आज तो गावाजवळच झेरॉक्सचे दुकान चालवतो, काठीशिवाय चालतो. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली आहे, म्हणून वंदनेला तो मागे खुर्चीवर बसतो. पहिल्यांदा बसला तेव्हा कोणीतरी म्हणाले, “तरण्या पोरानं खाली बसावं.” तो काही बोलला नाही. आता त्या विहारात मागे सहा खुर्च्या मांडलेल्या असतात आणि कोणालाही कारण विचारले जात नाही. त्याची धाकटी बहीण निर्दोष निघाली. तिचा तपासणीचा कागद बहिणीने दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर त्याच फाईलमध्ये ठेवला आहे.